ब्रॅग शिखर जुळलं? आता तपासणी सुरू करा

कर्करोगाच्या उपचारात वापरतात त्या कार्बन आयनांच्या झोताचं संगणकावर सिम्युलेशन करून कुणी खोलीनुसार डोसचा आलेख आणला की मी आधी विचारते, "ऊर्जेचा फैलाव किती धरलाय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "शिखर जुळेल इतका." गोम तिथेच आहे. ब्रॅग शिखराची, म्हणजे आयन थांबतात तिथे डोस एकदम वाढतो त्या टोकाची, उंची दोन गोष्टींवर ठरते: झोतातल्या आयनांच्या ऊर्जेत किती फैलाव आहे, आणि वाटेत टक्कर होऊन त्यातले किती गळाले. पहिली कळ फिरवून दुसरीतली चूक झाकता येते. मोजलेले ठिपके रेषेवर छान बसतात, सगळे खूश होतात आणि अणुकेंद्रकांच्या टकरींचं मॉडेल मात्र तपासायचं राहूनच जातं.

म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. खोलीनुसार डोसचा आलेख सगळ्यात शेवटी काढायचा. त्याआधी एकेक थर सुटा करून बघायचा आणि एक थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. उदाहरणं मी जिअँट४ या कणांचा प्रवास सिम्युलेट करणाऱ्या प्रोग्रॅमची देते, कारण रोजचं काम त्यातच चालतं. पण फ्लुका किंवा फिट्स हे तसलेच प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडेल.

एवढा खटाटोप कशासाठी, ते दोन आकड्यांत कळतं. प्रति न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) २०० एमईव्ही, म्हणजे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचा कार्बन-१२ पाण्यात सुमारे ८.६ सेंटीमीटर जातो, आणि शिखरापर्यंत पोचायच्या आत जवळपास ३० टक्के आयनांची अणुकेंद्रकीय टक्कर झालेली असते. ४०० एमईव्हीला (झोताची ऊर्जा पुढेही प्रति न्यूक्लिऑनच) पल्ला साडेसत्तावीस सेंटीमीटर होतो आणि टक्कर झालेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवर जातं. म्हणजे खोलवरच्या गाठीपर्यंत पोचणारा मूळ कार्बन अल्पसंख्य असतो. उरलेल्यांच्या जागी बोरॉन, बेरिलियम, लिथियम, हेलियम, हायड्रोजन असे तुकडे येतात. हलके तुकडे गाठीच्या पलीकडे जातात आणि तिथल्या निरोगी ऊतींना डोस देतात. शिवाय प्रत्येक तुकड्याचा पेशींवरचा परिणाम वेगळा. जैविक परिणामाची मॉडेलं, मग ते जर्मनीत घडलेलं एलईएम असो की जपानमध्ये वापरलं जाणारं एमकेएम, तुम्ही दिलेला तुकड्यांचा वर्णपट खरा मानूनच पुढचा हिशोब करतात. वर्णपट चुकीचा दिलात तर तीही निमूटपणे चुकीचं उत्तर देतील.

आधी कागद-पेन्सिल

संगणक चालू करण्याआधी पल्ले हाताने काढा. सारख्या वेगाच्या आयनांचा पल्ला वस्तुमानांक भागिले आवेशाचा वर्ग या प्रमाणात असतो. प्रोटॉनसाठी ते १ येतं, कार्बन-१२साठी १२/३६, म्हणजे एक तृतीयांश. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या पीस्टार कोष्टकात २०० एमईव्ही प्रोटॉनचा पाण्यातला पल्ला साधारण २६ सेंटीमीटर दिलाय. तीनने भागा: ८.६५. कार्बनचा आकडा हाताशी आला. ४०० एमईव्हीच्या प्रोटॉनचा पल्ला ८२ सेंटीमीटरच्या थोडा वर आहे; तीनने भागलं की साडेसत्तावीसच्या आसपास येतो.

याच सूत्राने तुकड्यांचे पल्लेही काढून ठेवा. हेलियम-४ला ४/४, म्हणजे तो कार्बनच्या तिप्पट जातो. लिथियम-७ सुमारे २.३ पट, बेरिलियम-९ सुमारे १.७ पट, बोरॉन-११ सुमारे १.३ पट. कार्बन-११ मात्र मूळ कार्बनच्या ९२ टक्केच जातो, म्हणजे शिखराच्या अलीकडे थांबतो. हा तपशील पुढे पॉझिट्रॉन प्रतिमेच्या (पेट स्कॅनच्या) वेळी लागणार आहे. हे गुणोत्तर तुकडा पृष्ठभागाशी जन्मला असं धरून काढलंय. खोल जन्मलेल्याचा वेग आधीच घटलेला असतो, त्यामुळे तो अलीकडे थांबतो. शिखरापलीकडच्या डोसच्या शेपटाचा उतार अशा अनेक जन्मस्थानांची बेरीज असते. बोरॉनचा डोस पहिल्यांदा संपतो, मग बेरिलियमचा, आणि दूरच्या टोकाला हेलियम-हायड्रोजन उरतात. तुमच्या सिम्युलेशनमध्ये हा क्रम उलटा दिसला तर मॉडेलला दोष देऊ नका, तुमचा मोजणीचा कोड तपासा.

पल्ला जुळवताना पाण्याची सरासरी आयनीकरण ऊर्जा तपासा. जुन्या कामांत ती ७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असायची, आता ७८ धरतात. एवढ्याशा फरकाने पल्ला साधारण अर्धा टक्का वाढतो, म्हणजे २७ सेंटीमीटरवर एक मिलिमीटरहून जास्त. हा दोष विद्युतचुंबकीय भागाचा आहे, अणुकेंद्रकीय मॉडेलचा त्याच्याशी संबंध नाही. पण तो आधी मिटवला नाही तर पुढच्या प्रत्येक आलेखात सरकलेली रेषा दिसत राहील आणि वादाला तोंड फुटेल. प्रयोगाच्या बाजूलाही असाच हिशोब असतो: निर्वात नळीची खिडकी, झोताचे मॉनिटर, हवेचा पट्टा या सगळ्यांची पाण्यातली समतुल्य जाडी खोलीत मिळवलीय की नाही, ते प्रयोगाच्या वर्णनात शोधून काढा.

नाव एक, चाललं दुसरंच

जिअँट४मध्ये भौतिकीची यादी, म्हणजे कोणत्या प्रक्रियेला कोणतं मॉडेल ते, निवडताना लोक नावावर विसंबतात. 'क्यूएमडी लावलंय' (हे टकरींचं एक मॉडेल) म्हणतात आणि पुढे जातात. मी पाहिलेल्या आवृत्त्यांत आयनांसाठीच्या तयार क्यूएमडी मांडणीत हे मॉडेल प्रति न्यूक्लिऑन १०० एमईव्हीच्या वरच सुरू होतं. त्याखाली बायनरी कॅस्केड हे दुसरं मॉडेल चालतं. आता पातळ लक्ष्यांवरची कार्बनची सर्वात तपशीलवार मोजमापं ९५ एमईव्हीची आहेत. म्हणजे तुम्ही 'क्यूएमडी विरुद्ध बायनरी' अशी तुलना मांडायची आणि दोन्ही रेषा तंतोतंत एकावर एक यायच्या, कारण दोन्हीकडे बायनरीच चाललंय! रेषा संशय यावा इतक्या जुळल्या तर कारण बहुधा हेच असतं.

उपाय सोपा आहे. प्रोग्रॅम सुरू होताना कोणत्या कणासाठी कोणतं मॉडेल कुठल्या ऊर्जेपासून कुठपर्यंत लागणार, ते छापून येतं. तो मजकूर वाचा आणि निकालांच्या फोल्डरमध्येच जपून ठेवा. सोबत आवृत्तीचा क्रमांक, डेटा फायलींच्या आवृत्त्या, यादृच्छिक आकड्यांचं बीज आणि कण निर्मितीची सीमा (तिच्याहून कमी पल्ल्याचे दुय्यम कण वेगळे धरले जात नाहीत). जिअँट४मध्ये ही सीमा मूळची ०.७ मिलिमीटर असते. शिखराजवळ तुम्ही ०.१ मिलिमीटरचे थर मोजत असाल तर ती तशीच ठेवणं बरं नाही.

हिशोबाचे नियम

हा टप्पा झटकन होतो, म्हणूनच लोक तो गाळतात. जिअँट४सोबत हॅडर०३ नावाचं तयार उदाहरण येतं. त्यात एकच टक्कर घडवून तिच्यातून काय काय बाहेर पडलं त्याची यादी मिळते. कार्बन-१२ ऑक्सिजन-१६वर आदळला तर टकरीनंतर बॅरिऑनची (प्रोटॉन-न्यूट्रॉनची) बेरीज २८ आणि आवेशाची १४ यायलाच हवी. इथे एकही अपवाद खपवून घेऊ नका. ऊर्जा आणि संवेग यांच्या बाबतीत काही मॉडेलं प्रत्येक टकरीत काटेकोर नसतात, म्हणून तिथे फरकांचा आलेख काढा आणि त्याची शेपटं बघा. सरासरी शून्य असून भागत नाही. एखाद्या टकरीत शेकडो एमईव्ही हवेत विरत असतील तर त्या टकरी वेगळ्या काढून त्यांत सामाईक काय आहे ते शोधा. ऊर्जेची बंधनऊर्जेसकट बेरीज करायला विसरू नका, नाहीतर विनाकारण घाबराल.

एकूण क्रॉस सेक्शन

आता पहिला खरा भौतिकीचा प्रश्न: टक्कर किती वेळा होते? ते क्रॉस सेक्शन सांगतं: टकरीची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात, बार्न या एककात. कार्बनवर कार्बनसाठी आपल्या ऊर्जांना हा आकडा एक बार्नच्या आसपास असतो. तुलनेसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडून मिळणारा एक्सफोर संग्रह आहेच. शिवाय जर्मनीची जीएसआय प्रयोगशाळा, युरोपची अवकाश संस्था ईएसए आणि नासा यांनी मिळून केलेला अणुकेंद्रकांच्या टकरींचा संग्रह आता खुला आहे. अवकाशातल्या किरणोत्सर्गाची काळजी करणाऱ्यांना आणि आपल्याला हेच आकडे लागतात, ही दोघांच्या फायद्याची गोष्ट झाली.

इथे फसायला होतं ते व्याख्येत. प्रयोगांतली बरीच मोजमापं 'आवेश बदलणाऱ्या' टकरींची असतात. कार्बन-१२मधून एक न्यूट्रॉन उडाला आणि कार्बन-११ झाला तर आवेश सहाच राहतो, आणि आवेश मोजणाऱ्या डिटेक्टरच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. तुमच्या सिम्युलेशनने मात्र ती टक्कर मोजलेली असते. ही दोन वेगळी परिमाणं एकाच आलेखावर काढून 'मॉडेल जास्त टकरी देतं' असा निष्कर्ष काढणारे मी बरेच पाहिलेत. लवचीक विकिरणाचंही तसंच: तेही अणुकेंद्रकीय असलं तरी 'प्रतिक्रिया' या सदरात धरत नाहीत.

या आकड्यात चूक असली तर डोसवर किती परिणाम होतो, तेही कागदावर काढता येतं. ४०० एमईव्हीला ३० टक्के कार्बन उरतो, म्हणजे घटीच्या सूत्रातला (e⁻ˣ) घातांक १.२०. क्रॉस सेक्शन ५ टक्क्यांनी वाढवलं तर घातांक १.२६ होतो आणि उरतात २८ टक्के. म्हणजे शिखरावर पोचणारा मूळ कार्बन ६ टक्क्यांनी घटला. हेच २०० एमईव्हीला केलं तर घट दोन टक्क्यांहून कमी. तेव्हा क्रॉस सेक्शनची परीक्षा घ्यायची तर खोल झोतावर घ्या. उथळ झोतावर वाईट मॉडेलही पास होतं.

पातळ लक्ष्य: इथे वेळ घालवा

जाड लक्ष्यात टकरींवर टकरी होतात, वेग घटतो, तुकड्यांचेही तुकडे होतात. चूक नक्की कुठे आहे ते कळत नाही. पातळ लक्ष्यात एका आयनाची फार तर एक टक्कर होते, म्हणून मॉडेलचं नागडं रूप दिसतं.

फ्रान्समधल्या कां शहरातल्या गानिल प्रयोगशाळेत ९५ एमईव्हीच्या कार्बनने ग्राफाइट, पॉलिथिलिन, ॲल्युमिनियम, टायटॅनियम अशा लक्ष्यांवर मोजमापं झाली. सुमारे ४ ते ४३ अंशांपर्यंतचे कोन त्यात आहेत आणि शून्य अंशाची मोजणी स्वतंत्रपणे केलीय. प्रत्येक समस्थानिकासाठी कोन आणि ऊर्जा या दोन्हींनुसार आकडे मिळतात. सुरुवात करायला याहून चांगला संच मला माहीत नाही. इटलीतल्या कातानियामधली ६२ एमईव्हीची मोजमापं त्यानंतर घ्या.

लक्ष्याची जाडी ठरवण्याचा हिशोब असा. ग्राफाइट प्रति चौरस सेंटीमीटर १०० मिलिग्रॅम घेतला तर तितक्या क्षेत्रात सुमारे ५ × १०²¹ अणुकेंद्रकं येतात. क्रॉस सेक्शन एक बार्न धरलं तर टक्कर होण्याची शक्यता अर्धा टक्का. दहा लाख आयन सोडले तर पाच हजार टकरी मिळतील. वाटेत ऊर्जा घटते ती प्रति न्यूक्लिऑन साधारण २ एमईव्ही, म्हणजे चालण्यासारखी. पाच हजार टकरी ऐकायला बऱ्याच वाटतात. पण त्या सात-आठ मूलद्रव्यांत, पंचवीस कोनांत आणि तीस ऊर्जा-खणांत (आलेखाच्या कप्प्यांत) वाटल्या की एकेका खणात शून्य नाहीतर एक उरतो. एका खणात एक टक्का अचूकता हवी तर तिथे दहा हजार कण पडले पाहिजेत. त्यामुळे आधी ऊर्जेवर बेरीज करून नुसतं कोनांचं वितरण बघा, ते पटलं की मोठी फेरी रात्रभर लावा.

कोनांच्या वितरणात एक गोष्ट हमखास राहते. प्रति घनकोन आकडा हवा असेल तर प्रत्येक खणाला त्याच्या घनकोनाने भागावं लागतं. १९ ते २१ अंशांच्या कड्याचा घनकोन ०.०७५ स्टेरेडियन आहे. ० ते २ अंशांच्या टोपीचा ०.००३८. दोन्ही खण दोनच अंशांचे, पण वीसपट फरक. भागाकार विसरलात तर समोरच्या दिशेचं टोकदार शिखर गायब होतं आणि आलेख अगदीच निराळा दिसतो. तसंच डिटेक्टरला कमी ऊर्जेचे कण दिसत नाहीत. प्रयोगात जो उंबरठा होता तोच तुमच्या मोजणीत लावा, प्रत्येक समस्थानिकासाठी वेगळा.

मग काय दिसतं? हेलियम आधी बघा. मॉडेलची कसोटी त्यावर लागते, आणि त्याचं कारण कार्बनच्या पोटात आहे. कार्बन-१२मधून एक प्रोटॉन सोडवायला जवळपास १६ एमईव्ही लागतात, न्यूट्रॉनला त्याहून जास्त. पण त्याचे सरळ तीन अल्फा कण करायला ७.२७ एमईव्ही पुरतात. थोडासा धक्का बसला तरी तो तीन अल्फांत फुटतो. ज्या मॉडेलमध्ये अणुकेंद्रक सुट्या न्यूक्लिऑनची पिशवी आहे, त्याला ही ओढ आपोआप कळत नाही. त्याला नंतरच्या टप्प्यावर अवलंबून राहावं लागतं.

हा 'नंतरचा टप्पा' नीट समजून घ्या, कारण दोष कुणाच्या माथी मारायचा ते त्यावर ठरतं. सगळी मॉडेलं टक्कर दोन भागांत करतात. पहिला भाग झटापटीचा, १०⁻²² सेकंदांच्या घरातला: बायनरी कॅस्केड, क्यूएमडी आणि आयएनसीएल++ ही नावं त्या भागाची आहेत. त्यातून तापलेली अणुकेंद्रकं उरतात आणि दुसऱ्या भागात ती थंड होतात, कण फेकून किंवा फुटून. कार्बनसारख्या हलक्यांसाठी फर्मी विघटन नावाची पद्धत लागते. जिअँट४मध्ये हा दुसरा भाग तिन्ही मॉडेलांसाठी एकच यंत्रणा सांभाळते. त्यामुळे तिन्ही मॉडेलं एकाच दिशेने आणि जवळपास सारखी चुकत असतील तर आधी दुसऱ्या भागाकडे बोट दाखवा. तिघांची उत्तरं एकमेकांपासून लांब असतील तर पहिल्या भागाकडे. कोनांचा आणि ऊर्जेचा आकार मुख्यतः पहिला भाग ठरवतो, आणि शेवटी कोणता समस्थानिक किती, यात दुसऱ्याचा हात मोठा.

ऊर्जेच्या वर्णपटात प्रति न्यूक्लिऑन ९५ एमईव्हीजवळचा उंचवटा झोताच्या तुकड्यांचा आहे. झोताच्याच वेगाने ते पुढे निघालेत. कमी ऊर्जेकडची गर्दी लक्ष्याच्या तुकड्यांची. आणि मधला पट्टा दोन्ही अणुकेंद्रकं एकमेकांत घुसली तिथून आलेल्या कणांचा. मॉडेलं सहसा या मधल्या पट्ट्यात अडखळतात. ९५ एमईव्हीच्या या मोजमापांशी जेव्हा जिअँट४ची मॉडेलं ताडून पाहिली गेली तेव्हा सगळ्या तुकड्यांचे सगळे आलेख एकाच वेळी बरोबर देणारं एकही सापडलं नाही. तेव्हा तुम्हालाही ते सापडणार नाही, असं धरूनच चला. कोणतं मॉडेल कोणत्या तुकड्यासाठी, कोणत्या कोनात किती चुकतं, हेच तुमचं उत्तर.

हायड्रोजनवरच्या टकरींचा एक पेच सांगून पुढे जाते. शरीरात हायड्रोजन भरपूर, पण त्याचं घन लक्ष्य करणं अवघड. म्हणून पॉलिथिलिनवर मोजतात, कार्बनवर मोजतात, वजाबाकी करतात आणि दोनाने भागतात. समजा पॉलिथिलिनचा आकडा १३४० आणि कार्बनचा ९०० मिलिबार्न आला, दोन्हींची अनिश्चितता ३ टक्के. हायड्रोजनसाठी २२० मिळतात, पण अनिश्चितता २४, म्हणजे ११ टक्के. मूळ मोजमापं कितीही चांगली असोत, वजाबाकीत धूळ उडते. तुमचं मॉडेल इथे १० टक्क्यांनी वेगळं आलं तर ते चुकलं असं म्हणता येत नाही. त्यापेक्षा सिम्युलेशनमध्येही पॉलिथिलिनचंच लक्ष्य ठेवून थेट त्या आकड्याशी तुलना करा. इटलीच्या पुढाकाराने चाललेला फूट हा प्रयोगही याच वजाबाकीच्या वाटेने जातो, पण उलट्या बाजूने: प्रोटॉनने शरीरातल्या कार्बन-ऑक्सिजनचे जे इवलेसे तुकडे होतात ते काही मायक्रॉनांत थांबतात आणि मोजता येत नाहीत, म्हणून कार्बन-ऑक्सिजनचाच झोत करून तो हायड्रोजन असलेल्या लक्ष्यावर सोडायचा.

जाड लक्ष्य

पातळ लक्ष्यावरचा अहवाल हातात आल्यावरच पाण्याकडे वळा. जर्मनीच्या जीएसआयमध्ये २०० आणि ४०० एमईव्हीच्या कार्बनने पाण्याच्या वेगवेगळ्या जाड्यांमागे उरलेला कार्बन आणि तयार झालेले तुकडे मोजलेत, कोनांसकट. दोन आलेख काढा: खोलीनुसार कार्बन कसा घटतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याचे तुकडे कसे वाढतात व मग ओसरतात. तुकड्यांची संख्या सोडलेल्या आयनामागे मांडा. शिखराच्या उंचीला किंवा आलेखाच्या क्षेत्रफळाला एक धरून नाही. क्षेत्रफळाला एक धरलं की महिन्याच्या जमाखर्चासारखं होतं: एकूण बेरीज जुळते, आणि कोणत्या सदरात घोळ आहे ते कळेनासं होतं.

डिटेक्टरने जेवढ्या कोनापर्यंत मोजलं तेवढ्याच कोनातले तुकडे तुम्हीही मोजा. हायड्रोजन-हेलियम बाहेर पसरतात, बोरॉन झोताला धरून राहतो. कोनाची मर्यादा विसरलात तर हलके तुकडे जास्त आणि जड तुकडे बरोबर असा नमुना दिसतो, आणि तो अगदी मॉडेलच्या दोषासारखाच दिसतो.

आता डोसचा आलेख काढा

इथपर्यंत आलात की दोन कळा वेगळ्या करता येतात. झोताच्या ऊर्जेचा फैलाव शिखरामागच्या उतारावरून ठरवा: डोस ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर किती अंतरात येतो, ते जुळवा आणि ती कळ कुलूपबंद करा. मग शिखर आणि प्रवेशाचा पठारी भाग यांचं गुणोत्तर जे येईल ते येऊ द्या. ते चुकलं तर आता कारण शोधायला तुमच्याकडे खालच्या थरांचे आकडे आहेत.

शेपटाकडे लॉगरिदमिक मापपट्टीवर बघा. साध्या मापपट्टीवर ती तळाशी चिकटलेली रेषा असते आणि सगळीच मॉडेलं सारखी दिसतात. खरं तर मॉडेलांमधला सर्वात मोठा फरक तिथेच असतो, आणि गाठीमागे मेंदूचं खोड असेल तर डॉक्टरांनाही नेमकं तेवढंच हवं असतं. आणखी एक: मोजणाऱ्या चेंबरचा व्यास मर्यादित असतो, सहसा आठ सेंटीमीटरच्या आसपास. तुम्ही जर अमर्याद रुंदीच्या थरात डोस मोजलात तर बाजूला पसरलेल्या तुकड्यांचा डोस तुमच्याकडे येतो, चेंबरकडे नाही. सिम्युलेशनमध्ये चेंबरएवढीच तबकडी ठेवा.

पॉझिट्रॉन प्रतिमेसाठी काम करत असाल तर कार्बन-११ (अर्धायुष्य सुमारे २० मिनिटं), ऑक्सिजन-१५ (दोन मिनिटं) आणि कार्बन-१० (१९ सेकंद) यांची निर्मिती खोलीनुसार वेगवेगळी काढा. कार्बनच्या झोतात कार्बन-११चा ढीग ब्रॅग शिखराच्या किंचित अलीकडे साचतो. सुरुवातीच्या कागदावर तेच आलं होतं, म्हणून तिथे न साचला तर समस्थानिकांच्या मोजणीत घोळ आहे. प्रोटॉनच्या झोतात फक्त लक्ष्याचे तुकडे असतात आणि शेवटच्या काही मिलिमीटरांत प्रोटॉनची ऊर्जा प्रतिक्रियेच्या उंबरठ्याखाली जाते, त्यामुळे तिथे उत्सर्जन आधीच संपतं. टक्कर होताच निघणाऱ्या तात्काळ गॅमा किरणांसाठी ४.४४ एमईव्ही (कार्बन) आणि ६.१३ एमईव्ही (ऑक्सिजन) या दोन रेषा पुरेशा आहेत.

नवी आवृत्ती आली की

ही सगळी तपासणी एका स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवा, नाहीतर नवीन आवृत्ती आल्यावर कुणी परत करणार नाही. जिअँट४च्या वैद्यकीय वापरासाठी काम करणारा जी४-मेड हा गट अशाच चाचण्या प्रत्येक आवृत्तीसाठी चालवतो आणि निकाल सर्नच्या जिअँट-व्हॅल संकेतस्थळावर बघायला मिळतात. आपल्या आलेखाची पहिली तुलना तिथल्या आलेखाशी करा; एकाच आवृत्तीत आणि एकाच मॉडेलने दोघांची उत्तरं वेगळी येत असतील तर प्रयोगाशी तुलना करण्यात अजून अर्थ नाही.

जुनी आणि नवी आवृत्ती ताडताना दोन्हींच्या गुणोत्तराचा आलेख काढा आणि सांख्यिकीय अनिश्चितता त्यावर दाखवा. वेगवेगळी बीजं देऊन त्याच आवृत्तीच्या काही फेऱ्या आधी करा. त्यांच्यातला आपसातला फरक किती, ते कळल्याशिवाय दोन आवृत्त्यांमधल्या फरकाला किंमत देऊ नका. शंभर खणांत दोन-चार खण दोन सिग्माबाहेर (सांख्यिकीय अनिश्चिततेच्या दुपटीपलीकडे) जाणारच. पण एका मूलद्रव्याचे लागोपाठचे सगळे खण एकाच बाजूला सरकले असतील, तर प्रत्येक खण दोन सिग्माच्या आत असला तरी तो खरा बदल समजा आणि आवृत्तीच्या टिपणात थंड होण्याच्या टप्प्यात काही हात फिरवलाय का ते पहा. बोरॉन आणि बेरिलियम असे सरकतात तेव्हा सहसा तिथेच काहीतरी बदललेलं असतं. एकूण टकरींची संख्याच हलली असेल तर क्रॉस सेक्शनच्या डेटा फायलीची आवृत्ती बघा.